घरपट्टी दिसते बिलात, पण ठरते नोटीस बोर्डावर

मार्च जवळ आला की ग्रामपंचायतीचा शिपाई बिलांचा गठ्ठा काखेत मारून वाड्या-वस्त्या फिरायला लागतो. दोन दिवसांत गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बिलांचे फोटो पडतात. कुणी लाल रंगाने रकमेभोवती गोल काढतो, कुणी मागच्या सालची पावती शेजारी ठेवून फोटो टाकतो. "मागच्या साली साडेसहाशे होती, यंदा साडेतेराशे कशी झाली? घर तर तेवढंच आहे!" मग कुणीतरी ग्रामसेवकाला गाठतो. "भाऊसाहेब, हे काय लावलंय?" भाऊसाहेबांचं उत्तर ठरलेलं असतं: "वरून आलंय, शासनाचा नियम आहे." सरपंचही मान डोलावतात, कारण तेच उत्तर त्यांनाही सोयीचं असतं.

हे उत्तर निम्मं खरं आहे. घरपट्टी मोजायची पद्धत सरकारने ठरवलेली आहे, पण दर गावात ठरतो. तो ठरवण्याआधी गावाला विचारायचं, हरकती मागवायच्या, त्यावर निर्णय द्यायचा आणि मग बिल काढायचं, हा क्रमही नियमात आहे. अडचण अशी की विचारण्याचा तो काळ येतो आणि निघून जातो. लोकांना त्याचा पत्ता लागतो तो बिल हातात पडल्यावर. तेव्हा भांडून फारसं हाती लागत नाही, कारण वाद घालायची वेळ आधीच टळलेली असते.

विचारतात कधी, कुठे?

ग्रामपंचायतीला कर लावायचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ ने दिला आहे. घरांवरचा आणि मोकळ्या जागेवरचा कर, दिवाबत्ती कर, आरोग्य किंवा सफाई कर, पाणीपट्टी हे सगळं त्यात येतं. ते कसं लावायचं याचे नियम १९६० चे आहेत, त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या.

नियमांचा गाभा सोपा आहे. ग्रामपंचायतीने आपल्या सभेत ठराव करायचा की अमुक कर, अमुक दराने लावायचा आहे. मग तो ठराव गावात जाहीर करायचा. कार्यालयात नोटीस चिकटवायची, चावडीवर लावायची, दवंडी द्यायची. गावातल्या कुणालाही मुदतीत लेखी हरकत घेता येते आणि पंचायतीने त्या हरकतींचा विचार करूनच दर पक्का करायचा. घरांच्या आकारणीची यादी, म्हणजे नमुना ८, तयार झाली की तीही लोकांना बघायला खुली ठेवायची आणि आक्षेप ऐकायचे. त्यानंतर यादी अंतिम होते, तिच्यावरून नमुना ९, म्हणजे मागणीची नोंदवही भरली जाते, आणि नोंदवहीवरून बिल निघतं.

म्हणजे शिपायाच्या काखेतलं बिल हा या साखळीतला शेवटचा कागद आहे. भांडण मात्र दरवर्षी त्याच कागदावर होतं.

फेरआकारणी साधारण दर चार वर्षांनी करायची असते. सगळ्या गावांचं चक्र एकाच वर्षी फिरत नाही. शेजारच्या गावात यंदा झाली म्हणून आपल्याही गावात यंदाच होईल असं नाही. काही गावांत वर्षानुवर्षं रेंगाळते, आणि मग एकदम केली की वाढ डोळ्यांत भरते. सहा-सात वर्षांची दबलेली वाढ एका बिलात आली तर माणूस ओरडणारच.

दवंडीचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. काही गावांत कोतवाल अजून देतो, काही गावांत नुसता पंचनामा होतो की दवंडी दिली. नोटीस बोर्डावर एका बाजूला कुठल्या तरी योजनेची लाभार्थी यादी, दुसऱ्या बाजूला मतदार यादी, मध्ये कुठेतरी टंकलेली करआकारणीची नोटीस. तिची भाषा अशी की पहिली ओळ वाचून माणूस पुढे सरकतो. नोटीस लावली हे कागदोपत्री खरं असतं, आणि कुणी वाचली नाही हेही तितकंच खरं असतं.

हा हिशेब नेमका कसा बसतो?

पूर्वी अनेक गावांत घराच्या चौरस फुटांवर ठरावीक दराने कर घेतला जायचा. ती पद्धत मुंबई उच्च न्यायालयात टिकली नाही. मग ३१ डिसेंबर २०१५ रोजी राज्य सरकारने नियम दुरुस्त करून भांडवली मूल्यावर आधारित पद्धत आणली. भांडवली मूल्य म्हणजे ढोबळमानाने घराची आणि त्याखालच्या जागेची किंमत. ती काढायचं सूत्र असं: घराच्या क्षेत्रफळाला जमिनीच्या रेडी रेकनर दराने गुणायचं. त्याच क्षेत्रफळाला बांधकामाच्या दराने गुणून त्यातून घर किती जुनं आहे त्याप्रमाणे घसारा वजा करायचा. दोन्हींची बेरीज करायची. राहतं घर असेल तर रक्कम तशीच ठेवायची, औद्योगिक वापर असेल तर १.२० ने आणि व्यापारी वापर असेल तर १.२५ ने गुणायचं. जो आकडा येईल त्यावर दर हजार रुपयांना इतके पैसे असा कर.

हे ऐकायला किचकट वाटतं, पण एक उदाहरण घेतलं की कळतं. समजा एक स्लॅबचं घर आहे, ७५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण ८०० चौरस फूट. गावातला जमिनीचा दर चौरस मीटरला ६०० रुपये आणि बांधकामाचा दर १६,००० रुपये धरू. हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतलेले, प्रत्येक गावाचे वेगळे असतात. जमिनीचे झाले ४५,००० रुपये. बांधकामाचे १२ लाख. घर थोडं जुनं म्हणून त्यातले ९० टक्के धरले तर १० लाख ८० हजार. बेरीज ११ लाख २५ हजार.

आता खरी मेख. आरसीसी घरासाठी नियमात दर हजाराला कमीत कमी १२० पैसे आणि जास्तीत जास्त २०० पैसे असा पट्टा दिलेला आहे. कमीत कमी दराने या घराची घरपट्टी होते १,३५० रुपये. जास्तीत जास्त दराने २,२५० रुपये. घर तेच, जमीन तीच, रेडी रेकनर तोच, आणि वर्षाला ९०० रुपयांचा फरक. हा फरक मुंबईत ठरत नाही, तो ग्रामपंचायतीच्या सभेत ठरावाने ठरतो. कुडाच्या, मातीच्या घरासाठी पट्टा ३० ते ७५ पैशांचा आहे, आणि विटा-सिमेंटच्या पण स्लॅब नसलेल्या घरासाठी ७५ ते १५० पैशांचा. तिथेही दर कुठे ठेवायचा हे गावच ठरवतं.

म्हणून "वरून आलंय" या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारायला हवा: पट्टा वरून आला, पण आपल्या गावाने त्यातला कुठला आकडा घेतला, आणि कुठल्या तारखेच्या ठरावाने?

दुसरी गोष्ट घराच्या स्वतःच्या नोंदीची. तिथे दराचा संबंध नाही, पण चुका तिथेच जास्त होतात. वरच्याच उदाहरणात घराचं वय नीट लिहिलं नाही आणि ७५ टक्क्यांऐवजी ९० टक्के किंमत धरली गेली, तर १,१३४ ऐवजी १,३५० रुपये बिल येतं. वर्षाला २१६ रुपये. पडवी आणि गोठ्याची मोकळी शेड धरून ७५ मीटरचे ९५ मीटर झाले तर कमीत कमी दरानेही बिल १,७१० वर जातं. एका घराला ३६० रुपये हा आकडा लहान वाटेल, पण फेरआकारणी एकदा झाली की तो पुढची चार वर्षं येत राहतो.

चूक उलट्या बाजूनेही असते, तिची चर्चा मात्र गावात दबक्या आवाजात होते. रस्त्याकडेचं मंगल कार्यालय नमुना ८ मध्ये राहतं घर म्हणून बसलेलं असतं. खाली तीन गाळे भाड्याने दिलेले, पण नोंद एकमजली निवासी. एखाद्या कारभाऱ्याच्या दुमजली बंगल्याचा वरचा मजला कागदावर चढलेलाच नसतो. आकारणी यादी सगळ्यांना बघायला खुली ठेवतात ती यासाठीच. पण शेजाऱ्याच्या नोंदीवर बोट ठेवायचं म्हणजे गावात वैर घ्यायचं, आणि तेवढ्यासाठी कुणी वैर घेत नाही. परिणाम असा की जो सांगत नाही तो वाचतो, आणि तूट भरून काढायला सगळ्यांचा दर वाढवायची वेळ येते.

स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली, तेव्हापासून एक नवा घोळ ऐकायला येतो. ही मोजणी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावातून सुरू झाली आणि पुढे २४ एप्रिल २०२० पासून देशभर योजना झाली. त्यात मिळालेलं मिळकत पत्रक जागा मोजतं. घरपट्टीत लागतं ते बांधकामाचं क्षेत्र. अंगण, परडं, वाडग्याची जागा धरून मिळकत पत्रकावरचा आकडा मोठा असतो, तोच आकडा कुणी घराचं क्षेत्र म्हणून नमुना ८ मध्ये टाकला तर बिल फुगतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघणं एवढंच काम आहे. आणि नमुना ८ वर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, हा गैरसमजही अजून पुष्कळ ठिकाणी आहे. तो कराचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

ज्यांना विचारलंच जात नाही

दर ठरवण्याचा अधिकार ग्रामपंचायतीच्या सभेचा आहे, ग्रामसभेचा नाही. पण ग्रामसभेत प्रश्न विचारता येतो, चर्चा लावता येते, इतिवृत्तात नोंद करायला लावता येते. निवडून आलेले सदस्य ग्रामसभेचा आवाज सहसा टाळत नाहीत, पुढच्या निवडणुकीत तोच आवाज मतपेटीत जाणार असतो.

ग्रामसभा मात्र बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या तारखांना होतात. झेंडावंदन झालं, शाळेतल्या पोरांची भाषणं झाली, की सतरंजीवर ग्रामसभा. कोरम लागतो तो एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. दोन हजार मतदारांच्या गावात शंभर जण पुरतात. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग पंधरा-वीस जण, त्यातले निम्मे सदस्य आणि त्यांची माणसं, अशी सभा होऊन जाते. सह्यांचं रजिस्टर नंतर घरोघर फिरतं, हे कुठल्याही गावात नवीन नाही.

या तारखांचा आणखी एक दोष आहे. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतल्या तालुक्यांतून ऊसतोडीला गेलेली कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला ती फडावर, कोपीत असतात. त्याच काळात फेरआकारणीची नोटीस लागली तर हरकतीची मुदत त्यांच्या माघारी संपते. घराला कुलूप, बिल दाराच्या फटीत. कोकणात आणि साताऱ्याच्या डोंगरपट्ट्यात तीच गत मुंबईला असलेल्या चाकरमान्यांची. त्यांच्या घराचं मोजमाप बंद दाराबाहेरून नजरेने होतं, आणि गणपतीत आले की बिल बघून सरपंचांशी वाद.

बायकांचं म्हणाल तर, नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असा कायदा आहे. घरपट्टीचा विषय त्या सभेत किती ठिकाणी निघतो? पाणीपट्टीचा निघाला तर निघतो, कारण नळ कोरडा पडला की हंडा घेऊन जायचं तिच्या वाट्याला येतं. पण घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, बिल त्याच्या नावाचं, म्हणून हा विषय पुरुषांचा असं धरून चालतात. विधवा बाईचं घर मयत नवऱ्याच्या नावावरच राहिलेलं असेल तर हरकतीचा अर्ज कुणाच्या नावाने द्यायचा इथपासून तिची अडचण सुरू होते.

दर कमी ठेवला म्हणजे फुकट झालं का?

इथे दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर हिशेब अर्धा राहील. दर कमीत कमी ठेवा म्हणणं सोपं आहे, आणि निवडणुकीच्या आधल्या वर्षी कुठलीही पंचायत दर वाढवत नाही. पण गावाचा रोजचा खर्च थांबत नाही. पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं वीजबिल, पथदिवे, पाणी सोडणाऱ्याचा आणि शिपायाचा पगार, टीसीएल पावडर, गटार उपसणं, बिघडलेली मोटार भरून आणणं. यातला बराचसा खर्च गावाच्या स्वतःच्या पैशातूनच करावा लागतो.

लोकांचा समज असतो की वित्त आयोगाचे एवढे लाख आले, मग घरपट्टी कशाला? १५ व्या वित्त आयोगाचा निधी पाच वर्षांसाठी, २०२५-२६ पर्यंत होता. त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला, उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगाराला तोही चालत नाही. २०२१ मध्ये राज्यात ठिकठिकाणी थकीत बिलापोटी गावांचे पथदिवे तोडले गेले तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला होता. सरकारने सांगितलं, वित्त आयोगाच्या पैशातून बिलं भरा. सरपंचांनी विचारलं, मग विकासकामं कशातून करायची? तो वाद आजही पुरता मिटलेला नाही.

जल जीवन मिशनमुळे पाण्याचा खर्च आणखी पुढे आला आहे. योजना १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाली, घरोघर नळ आले, काही गावांत टाकी उभी आहे पण पाणी नाही, तो वेगळा विषय. पण जिथे योजना चालू आहे तिथे ती चालवण्याचा आणि दुरुस्तीचा भार गावावर आहे. मोटार मोठी, उपसा जास्त, बिल जास्त. पाणीपट्टी जुन्याच दराने घेतली आणि त्यातलीही निम्मीच वसूल झाली, तर उन्हाळ्यात वीज तोडली जाते आणि मग टँकर लागतो. टँकर मागवायला गावाला जो त्रास होतो तो ज्यांनी भोगलाय त्यांना सांगायला नको.

वरच्या उदाहरणातले ९०० रुपये पुन्हा घेऊ. तशी ३०० घरं असतील तर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दरातला फरक वर्षाला २ लाख ७० हजार रुपये होतो. हे पैसे लोकांच्या खिशात राहावेत की पंचायतीत जावेत, हा खरा प्रश्न आहे. उत्तर गावागणिक वेगळं असू शकतं. दुष्काळी साल असेल, सोयाबीन भिजलं असेल, कांद्याला भाव नसेल तर कमी दर ठेवणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण ते ठरवायचं तर समोर आकडे हवेत: गेल्या वर्षी वसुली किती झाली, थकबाकी कुणाकडे किती, मोटारीचं बिल किती आलं, दर पाच पैशांनी वाढवला तर किती मिळतील आणि त्यातून कुठलं काम होईल. नोटिशीत यातलं काही नसतं, फक्त दर असतो. म्हणून लोक फक्त दरावर भांडतात.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीने वेगळा रस्ता धरला. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना तिथे कर वेळेवर भरणाऱ्या कुटुंबांना ग्रामपंचायतीच्या गिरणीत दळण मोफत दळून मिळू लागलं. या गोष्टीची राज्यभर चर्चा झाली, अनेक गावांनी ट्रिपा काढून पाटोदा बघितलं. बघून आलेल्यांनी बहुतेक गिरणीचंच कौतुक केलं. पण गिरणीने केलं काय, तर कर भरला की बदल्यात काय मिळतं हे माणसाला डब्यात पीठ घेऊन घरी जाताना दिसू लागलं. तसं दिसत असेल तर दरावर बोलणं सोपं जातं.

थकबाकीचा विषय निघाला म्हणून एक बारीकशी आठवण. मागणीचं बिल रीतसर बजावल्यावर तीन महिन्यांत कर न भरणारा माणूस ग्रामपंचायत सदस्य राहण्यास किंवा होण्यास अपात्र ठरतो, कलम १४ मध्ये तसं आहे. म्हणूनच निवडणूक लागली की पाच-पाच वर्षांची घरपट्टी एका दुपारी भरली जाते. त्या दिवशी कार्यालयात पावतीपुस्तकं संपतात.

हरकत फेटाळली तर?

हरकत तोंडी घेऊन चालत नाही, लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. पंचायतीने ती फेटाळली किंवा उत्तरच दिलं नाही, तर कलम १२४ खाली पंचायत समितीकडे अपील करता येतं. तिथला निर्णय मान्य नसेल तर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. स्थायी समितीचा निर्णय अंतिम. म्हणजे कायद्याने कराच्या तक्रारीचा निवाडा लोकांनी निवडून दिलेल्या संस्थांकडे ठेवला होता. पण २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांवर बराच काळ प्रशासक होते. त्या काळात अपील घेऊन गेलेल्या माणसाला ज्या यंत्रणेने मोजमाप तपासलं त्याच यंत्रणेच्या अधिकाऱ्यासमोर उभं राहावं लागलं. निवडलेला पंचायत समिती सदस्य असता तर निदान गावातला माणूस त्याला फोन लावू शकला असता. स्थानिक निवडणुका लांबल्या की काय बिघडतं, याचं हे एक साधं उदाहरण, फारसं कुणी बोलत नाही असं.

दर फारच कमी ठेवला तर तो वाढवायला वरून सांगण्याची तरतूदही कायद्यात आहे, हेही माहीत असलेलं बरं. गावाची मुभा आहे, पण ती दोन्ही बाजूंनी बांधलेली.

मोबाईल हातात असलेल्या माणसाला यातलं पुष्कळ घरबसल्या बघता येतं. रेडी रेकनरचे गावनिहाय दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर खुले आहेत, म्हणजे आपल्या बिलात जमिनीचा दर बरोबर घेतलाय का ते ताडता येतं. वित्त आयोगाचा पैसा कुठे गेला ते ई-ग्रामस्वराज अ‍ॅपवर गावाचं नाव टाकून दिसतं. नमुना ८ चा उतारा मागितला तर लोकसेवा हक्क कायद्याखाली ठरलेल्या दिवसांत द्यावा लागतो. त्यावर चार रकाने तपासायचे: बांधकामाचं क्षेत्र, घराचा प्रकार, बांधकामाचं वर्ष आणि वापर. बांधकामाचं वर्ष बऱ्याच उताऱ्यांवर अंदाजाने टाकलेलं असतं, आणि घसारा त्याच वर्षावरून निघतो.

काही गावांत हल्ली एक चांगली पद्धत पडलीय. कार्यालयाबाहेर करआकारणीची नोटीस लागली की कुणीतरी पोरगा तिचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकतो, खाली शेवटची तारीख लिहितो. फडावरच्या माणसाला तो तिथेच दिसतो, मुंबईतल्यालाही. पण तो फोटो सुप्रभातच्या संदेशांत आणि वाढदिवसाच्या केकच्या चित्रांत खाली जातो, म्हणून तो ग्रुपवर वर पिन करून ठेवावा लागतो. मुदत संपेपर्यंत.